हलक्या हाताचा ब्रेक

४ नोव्हेंबर, सोमवार

इंद्रजित आला होता. दिवाळी उलटल्यावर मिठाईचा पुडा घेऊन येणारा माणूस एकतर विसरलेला असतो नाहीतर कामाला आलेला असतो. हा कामाला आला होता. शिरवळला त्याचा कारखाना आहे. दवाखान्याच्या खाटा, सलाइनचे स्टँड, चाकांच्या खुर्च्या. आता त्याला चाकांचे वॉकर काढायचे आहेत. ‘सर, म्हातारी माणसं फार वाढतायत,’ तो म्हणाला. जणू हे त्यानंच घडवून आणलं आहे.

बाहेरून येणाऱ्या वॉकरचे ब्रेक सायकलसारखे असतात. मुठीखालची दांडी बोटांनी दाबायची, की मागची चाकं थांबतात. म्हाताऱ्यांच्या बोटांत तेवढा जोर नसतो. त्याला सोपा ब्रेक हवा आहे. मी नोकरीची सगळी वर्षं दुचाकीच्या ब्रेकवर घालवली हे त्याला कुणी सांगितलं, ते बोलला नाही. त्या धंद्यात माझं नाव अजून घेतलं जात असणार.

चहा आणायला तो स्वतः आत गेला. माझ्या बायकोनं, गोदावरीनं, त्याला आठवीत गणित शिकवलं आहे, अजून ‘बाई, बाई’ करत तिच्यामागे फिरतो. बराच वेळ आतच होता. दोन कप आणायला इतका वेळ. गणितातही मंदच असणार.

नमुन्याचा वॉकर ठेवून गेला. गोदावरीनं लगेच हात लावून पाहिला. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले, गुडघे गेलेले. ब्रेकची दांडी जेमतेम हलली.

‘हा सोपा झाला तर मी एकटी जाईन,’ ती म्हणाली.

‘एकटी कशाला? मी आहे ना.’

‘हो. आहात.’

गेलं दीड वर्ष मीच तिला रोज संध्याकाळी घाटावर नेतो. ती माझ्या दंडाला धरून चालते. वाटेत मी बोलतो. वाईत आता धड ऐकून घेणारं माणूस उरलेलं नाही. ती ऐकते.

९ नोव्हेंबर, शनिवार

शिरवळ. कारखान्यात एक मुलगी कॉम्प्युटरवर जाहिरातीचं पत्रक करत बसली होती. त्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं वॉकर धरून हसतं आहे. असं हसणारं जोडपं मी कुठल्याही आळीत पाहिलेलं नाही. दोघांना एक वॉकर कशाला, हेही तिला सांगता आलं नाही. इंद्रजित म्हाताऱ्यांना ‘सिल्व्हर सेगमेंट’ म्हणतो. आपण त्याच सेगमेंटशी बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानात येत नाही.

काम सोपं आहे. दांडी लांब केली, वायरचा मार्ग सरळ केला, घर्षण घटलं. आता दोन बोटांनी ब्रेक लागतो. मी स्वतः दाबून पाहिला. इंद्रजित म्हणाला, बाईंच्या हातानं बघायला हवं. ब्रेक हा ब्रेक असतो. तो कुणाचा हात आहे ते विचारत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मुकुलचा पुण्याहून फोन. आईसाठी दिवसभराची बाई ठेवू या म्हणतो. आमचा मुलगा सगळ्या गोष्टी ठेवून सोडवतो. गाडीला ड्रायव्हर ठेवला, मुलाला शिकवणी ठेवली. गोदावरीनं ‘नको’ म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला. मीही ‘नको’ म्हटलं. या एका गोष्टीवर आमचं एकमत आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. गोदावरीला नव्या ब्रेकचा वॉकर देऊन नेलं. मतदान तिच्याच जुन्या शाळेत. मी शेजारून चालत होतो आणि तिला ब्रेकचं तत्त्व समजावत होतो.

मारुतीच्या कोपऱ्यावर उतार आहे. तिथं तिनं काय करावं? वॉकर सोडला आणि दोन्ही हात जोडले. चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई. वॉकर निघाला तो थेट हारवाल्याच्या टोपलीवर जाऊन आदळला. मी तिचा दंड धरला म्हणून ती उभी राहिली. हारवाला झेंडू गोळा करत म्हणाला, ‘बाई, देवाला गाडी पण वाहिली का काय?’ तिथली दोन-चार रिकामी माणसं हसली. तीही हसली.

‘ब्रेक दाबायचा होता,’ मी म्हटलं.

‘दाबायला हात कुठले? हात जोडलेले होते.’

‘मग जोडायचे नव्हते.’

‘चालताना मारुती दिसला की हात आपोआप सुटतात हो. तुम्ही स्कूटर चालवायचात तेव्हा तुमचाही एक हात छातीला जायचाच.’

मी निरीश्वरवादी आहे. तो सवयीचा भाग होता.

केंद्रावर मी तिच्याबरोबर आत जायला निघालो. तिथला अधिकारी म्हणाला, तुम्ही मागं थांबा. मी म्हटलं, हिच्या बोटांना त्रास आहे, बटण मी दाबतो. त्यानं तिला विचारलं, ‘आजी, सोबती लागेल का?’

‘बटण दाबण्याइतकं बोट आहे माझं,’ ती म्हणाली आणि पुठ्ठ्याच्या आड गेली.

येताना विचारलं, कुणाला दिलंस.

‘मत गुप्त असतं.’

‘नवऱ्यापासून?’

‘मुळात त्याच्यापासूनच असतं.’

विनोद करण्याचा प्रयत्न असावा. तिला विनोद जमत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

इंद्रजितला कळवलं: यंत्रात दोष नाही. चालणाऱ्यानं हात सोडला हा दोष. उपाय म्हणून मुठीवर लाल अक्षरांत चिकटपट्टी लावावी, ‘चालताना हात सोडू नये’. त्याला फार आवडलं. चिकटपट्टी स्वस्त असते. कारखानदाराला दोष माणसात निघाला की आनंद होतो. इथं मात्र दोष खरोखरच माणसात आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

पलूसजवळच्या एका गावात चाचणी. इंद्रजितच्या गाडीनं गेलो. गोदावरी हट्टानं आली. कारखान्यांचा हंगाम, त्यामुळे कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागलं. मी गाडीत ब्रेकचा इतिहास सांगितला. इंद्रजितनं मधेच रेडिओ लावला.

घर तानाजीचं. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, मिशी अजून नोकरीत. त्याची आई राहीबाई. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात बसून आहे. अंगण गोठ्याकडे उतरतं. चाचणीला योग्य.

तानाजीनं चिकटपट्टीवरचं वाक्य परेडला हुकूम द्यावा तसं वाचून दाखवलं. राहीबाईला वाचता येत नाही.

‘आई, हळू. दोन्ही हात जाग्यावर.’

‘तू गप रं. मला चालाय येतंय. गाडीलाच येत न्हाई.’

चार पावलं बरी चालली. तेवढ्यात ओसरीवरून तिचे थोरले दीर खोकत बाहेर आले. जोतिबा नाव, नव्वदीचे. राहीबाईनं दोन्ही हात काढले आणि पदर डोक्यावर घेतला. वॉकर उतारानं गेला आणि गव्हाणीवर आपटला. बसलेली म्हैस उठली. तानाजीनं आईला मागून धरलं. सगळं अंगण हसत होतं.

‘काय गं, गाडी सोडून दिलीस व्हय?’ म्हाताऱ्यानं ओसरीवरून विचारलं.

मी तिला स्पष्ट सांगितलं, ‘आजी, पदर नंतर. आधी ब्रेक.’

‘आवं साहेब, थोरलं भावजी समोर आल्यावर आदी बिरेक लावत बसू व्हय? काय लाज हाय का न्हाई?’

तंगडी मोडली तरी चालेल, डोकं झाकलेलं हवं. अशा लोकांसाठी यंत्र करायचं म्हणजे म्हशीला चष्मा लावण्यासारखं आहे.

पुन्हा चालवली. या वेळी जोतिबांना आत बसवलं. उतारावर वॉकरनं जरा वेग घेतला तर बाईनं घाबरून मुठी करकचून आवळल्या. ब्रेकची दांडी बोटाखालीच होती. ती दाबली नाही. मूठच आवळत राहिली आणि वॉकरबरोबर ओढत गेली. मूठ आवळून काहीही थांबत नाही हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, ‘भ्या वाटल्यावर दुसरं काय करायचं?’ या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही.

नंतर दोघी बायका ओसरीच्या कडेला शेंगा फोडत बसल्या. माझ्या कानावर थोडं आलं.

‘बाई, तुमचं मालक लय बोलत्यात वो.’

‘हो.’

‘रोज?’

‘रोज.’

‘मग तुमालाच चाकं पायजेत आदी.’

दोघी बराच वेळ हसल्या. हसण्याचं कारण कळलं नाही. पण खेड्यातल्या माणसाला बोलण्याची किंमत असते हे खरं. वाईत कुणी असं म्हणालं नसतं.

परतीच्या वाटेवर गोदावरी म्हणाली, ‘हात सोडला की थांबायला हवी ती. आणि भीतीनं आवळला तरी थांबायला हवी. मधे, हलकं धरलं तरच चालायला हवी.’

मी म्हटलं, ‘फळ्यावर त्रिकोण काढण्याइतकं सोपं नसतं ते.’

इंद्रजितनं रेडिओचा आवाज कमी केला. कशासाठी, कळलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी अंघोळ करताना सुचलं. अचानक, अंगावर पाणी घेताना. मोठ्या कल्पना अशाच येतात.

ब्रेक उलटा करायचा. वॉकर मुळात थांबलेलाच. दोन्ही मुठींवरून जाणारी एक पातळ पट्टी. त्यावर हात हलके टेकले की पट्टी थोडी खाली जाते आणि चाकं मोकळी होतात. हात काढला की स्प्रिंग पट्टीला वर उचलते, चाकं अडकतात. आणि जोरात आवळलं की पट्टी आणखी खाली जाऊन पुन्हा अडकवते. म्हणजे सोडलं तरी थांबतो, घाबरून दाबलं तरी थांबतो. चालायचं तर हलकं धरावं लागतं. पट्टी सलग असल्यानं एका हातानंही जमतं.

गोदावरीला सांगितलं. ती डाळीतले खडे काढत होती.

‘छान आहे,’ ती म्हणाली.

‘इतकंच?’

‘छानच आहे. मला आधीपासून आवडली होती.’

आधीपासून म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं. इंद्रजितला फोन लावला. तो म्हणाला, ‘वा सर, म्हणजे बाई गाडीत म्हणाल्या तेच ना?’ मी त्याला समजावलं की बाई सर्वसाधारण बोलल्या होत्या. कल्पना आणि बोलणं यात फरक असतो. कारखानदाराला हा फरक शिकवायला माझ्याकडे वेळ नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

दोन नमुने झाले. एक पलूसला राहीबाईकडे, एक आमच्याकडे.

इंद्रजितनं त्याआधी एक पोरकटपणा केला. वजनकाटा घेऊन आला आणि गोदावरीच्या तळव्यानं किती दाब पडतो ते मोजलं. मग स्प्रिंग त्या मापाची केली. ही काय मोजमापं! उद्या शिंपी म्हणून दुकान टाकेल.

नमुना मी घरी तपासला. स्प्रिंग फारच मऊ. नुसता हात टेकला की चाकं सुटतात. हे बरं नाही. ब्रेक सहज सुटता कामा नये. मी ती काढून जरा कडक घातली.

२४ डिसेंबर, मंगळवार

गोदावरीला अंगणात चालवलं. थोडं चालून थांबते. म्हणते, पट्टी खाली ठेवता ठेवता मनगट दुखतं.

‘सवय होईल.’

‘त्या दिवशी इंद्रजितनं आणला तेव्हा हलका होता.’

‘तेव्हा धोकादायक होता.’

‘कुणाला?’

तिनं पट्टीवर माझा हात ठेवला आणि त्यावर आपला ठेवून दाबून दाखवलं. तिचा हात थंड होता, त्यात काही जोर नव्हता. ‘हा तुमच्या हातासाठी केलाय तुम्ही,’ ती म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

संध्याकाळी माझ्या दंडाला धरून घाटावर आली. मी स्प्रिंगच्या गणितावर बोललो.

२ जानेवारी, गुरुवार

दुपारी वाचनालयातून आलो तर गोदावरी फाटकाशी. वॉकर धरून, एकटी. कडी काढण्याच्या प्रयत्नात होती.

‘कुठे?’

‘कोपऱ्यापर्यंत.’

‘काय आहे कोपऱ्यावर?’

‘काही नाही.’

काही नाही तिथं जायला माणूस जीव धोक्यात घालतं! ब्रेकची चाचणी पुरी झालेली नाही, मी बरोबर नसताना वापरायचा नाही, असं मी तिला बजावलं. शेजारची मयूरी गच्चीतून पाहत होती. तिला कपडे वाळत घालायला नेमका तोच मुहूर्त मिळतो.

संध्याकाळी वॉकर उलटा करून मागची दोन्ही चाकं काढली. बेअरिंग तपासायला हवीत.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मयूरीकडे शुक्रवारी हळदीकुंकू आहे, बोलावणं देऊन गेली. गेल्या वर्षी असल्या एका कार्यक्रमाला मी गोदावरीला घेऊन गेलो होतो. आत बायकाच, त्यामुळे मला बाहेर पायरीवर बसावं लागलं. आतून हसण्याचे आवाज येत होते. प्लास्टिकच्या डब्या वाटून एवढं काय हसतात? निघताना यजमानीण मलाही तिळगूळ देऊन गेली, बाहेर ताटकळलेल्या ड्रायव्हरला द्यावा तसा.

गोदावरीनं विचारलं, चाकं कधी लावणार.

‘बेअरिंग मागवली आहेत,’ मी म्हटलं.

‘तुला तरी कधीपासून हळदीकुंकवाची हौस?’ मी पुढे विचारलं. नोकरीत असताना अशा कार्यक्रमांना ती पेपर तपासायचे आहेत म्हणून टाळायची.

‘हौस नाही. तिथं तुम्हाला येता येत नाही, एवढंच.’

पुन्हा विनोद.

१७ जानेवारी, शुक्रवार

गोदावरी मयूरीकडे गेली नाही. मी सोडायला तयार होतो. म्हणाली, डोकं दुखतंय.

२३ जानेवारी, गुरुवार

तानाजीचा फोन. माझ्या हाताला ग्रीस लागलेलं, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोललो. गोदावरी समोर बसली होती.

‘साहेब, जरा घोटाळा झालाय. इंद्रजितसाहेबांचा माणूस नमुना परत न्यायला आला हुता. म्हातारीनं काठी उगारली त्याच्याव.’

‘का?’

‘गाडी देत न्हाई म्हणती. माझी हाय म्हणती.’

‘पडलीबिडली नाही ना एकदाही?’

‘पडतीय कशानं? उताराव दोनी हात सोडून उभी ऱ्हाती न् शेजारणीस्नी बोलवून दावती, बघा, हालती का गाडी? भावजी आलं का निवांत पदर घेती. काल तर बांधावर जाऊन आली. एकलीच. आमाला सांगिटलं बी न्हाई. मी हुडकत हिंडतोय, तर ही हितं बोरं खात बसलीया.’

‘तानाजीराव,’ गोदावरी मधेच बोलली, ‘स्प्रिंग कशी आहे हो त्यांच्या गाडीची?’

‘मऊ हाय बाई. पावावर हात ठेवल्यावाणी.’

फोन संपला. आमचा वॉकर व्हरांड्यात वर्तमानपत्रावर आडवा पडला आहे. तिनं तिकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘बेअरिंग कपाटातल्या निळ्या डब्यात आहेत. मी पाहिली.’

‘ती जुनी आहेत.’

‘पाकीट फोडलेलं नाही अजून.’

ती नवी आहेत. पण नव्यालाही तपासावं लागतं. चाकं अजून का लावली नाहीत, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं: सुरक्षितता. दुसरं उत्तर शोधण्याची गरज वाटली नाही. संध्याकाळी ती घाटावर आली नाही. मी एकटा जाऊन आलो. तिथं बोलण्यासारखं कुणी नव्हतं. एक गृहस्थ भेटले ते स्वतःच बोलत सुटले. अशी माणसं सहन करणं कठीण.

३१ जानेवारी, शुक्रवार

साताऱ्याला दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परत येतो तर व्हरांड्यात नवा कोरा वॉकर. इंद्रजित आणि गोदावरी चहा पीत बसलेले. माझा नमुना कोपऱ्यात, त्यावर कुणीतरी फडकं वाळत टाकलेलं.

मी पट्टी दाबून पाहिली. पहिल्यासारखीच मऊ. मी म्हटलं, हा मी मंजूर केलेला नाही.

‘सर, तुमचंच डिझाइन आहे. फक्त स्प्रिंग बाईंच्या मापाची,’ इंद्रजित म्हणाला.

‘तुला इथं बोलावलं कुणी?’

‘मी,’ गोदावरी म्हणाली.

इंद्रजित कपाकडे बघत म्हणाला, ‘सर, रागावू नका. गेल्या गणपतीत मी बाईंना भेटायला आलो होतो तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या की मला एकटीनं चालता येईल असं काहीतरी कर. मी म्हटलं, बाई, मी खाटा करणारा माणूस. तर म्हणाल्या, यांना विचार, हे करतील, ब्रेकमधलं यांच्याइतकं कुणाला कळत नाही.’

शेवटचं वाक्य बरोबर आहे. बाकीचं बायकांचं असतं तसं. काम आपणच मिळवून दिलं असं तिला वाटत असेल तर वाटो. धंद्यात नाव असल्याशिवाय कुणी शिरवळहून पेट्रोल जाळत येत नाही.

त्यानं जाहिरातीचं पत्रकही आणलं होतं. हसरं जोडपं गेलं. आता राहीबाईचा फोटो आहे, डोक्यावर पदर, दोन्ही हात हवेत आणि शेजारी उतारावर उभा वॉकर. खाली लिहिलंय, ‘हात सोडा. गाडी थांबते.’ माझी चिकटपट्टी काढून टाकलेली. माझं नाव कोपऱ्यात, बारीक.

इंद्रजित गेल्यावर मी गोदावरीला विचारलं, ‘मी इतकी वर्षं तुला धरून नेलं, त्यात काय कमी पडलं?’

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘कमी काहीच पडलं नाही.’

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. आळीच्या टोकाच्या घरी होतं. गोदावरी निळी साडी नेसून एकटी गेली. मी फाटकाची कडी काढून दिली. फाटकापाशी घसरडं आहे असं सांगितलं. ती म्हणाली, दिसतंय.

कोपऱ्यावर एक कुत्रं आडवं आलं. तिनं घाबरून मूठ आवळलेली मला इथून दिसली. वॉकर जागच्या जागी थांबला. कुत्रं गेलं. तिनं हात सैल केले, पुढे निघाली.

मी पेपर उघडला. वाचण्यासारखं काही नव्हतं. या जिल्ह्यातली पत्रकारिता केव्हाच मेली आहे. स्वतःचा चहा केला, तो फार गोड झाला. मयूरीनं गच्चीतून विचारलं, ‘काका, काकू एकट्याच गेल्या?’ मी म्हटलं, ‘त्यात काय मोठं?’ ती म्हणाली, ‘नाही, तुम्ही एकटेच दिसलात म्हणून.’

अंधार पडायच्या आत आली. हातात प्लास्टिकची डबी. चेहरा तापलेला, केस सुटलेले. काय काय झालं ते मी विचारलं. ‘हसलो,’ म्हणाली. कशावर? तिला आठवेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ती रोज पाचला निघते. कुठे जाते ते सांगत नाही. म्हणजे विचारलं तर ‘फिरायला’ म्हणते, ते सांगणं नव्हे. काल बँकेतला एक कारकून म्हणाला, बाई दिसल्या पुलावर. पुलावर काय आहे? वारा आहे आणि सातारी कंदी पेढ्यांचं एक टुकार दुकान.

इंद्रजितचा फोन. आटपाडीपासून मागण्या येतायत. राहीबाईचा वॉकर आता कायमचा तिचाच राहणार, कंपनीनं तिला देऊन टाकला. तिनं त्याच्या माणसाला काठीऐवजी भाकरी दाखवली म्हणे. त्याला आणखी एक काम आहे, अंघोळीच्या खुर्चीचं. मी म्हटलं, बघू. इतक्यात वेळ नाही.

वेळ आहे. पण त्याला ते कळण्याचं कारण नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पाचला मीही चपला घातल्या. म्हटलं, मलाही त्याच बाजूला काम आहे, बरोबरच जाऊ.

गोदावरी फाटकात उभी होती. तिनं पट्टीवरचे हात काढले, वॉकर थांबला. साडीची निरी सारखी केली. मग म्हणाली, ‘माझी चाल हळू. तुमचा खोळंबा होईल. तुम्ही व्हा पुढे.’

मी पुढे झालो. नेहमीच्या रस्त्यानं, घाटाकडे. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं काही सांगतही होतो, अंघोळीच्या खुर्चीबद्दल, की पाय चार ठेवले तर ओल्या फरशीवर एक अधांतरी राहतो, त्यापेक्षा तीन बरे. इंद्रजितला हे सुचणार नाही. कोपऱ्यावर उत्तरासाठी थांबलो आणि मागे वळलो.

रस्त्यावर ती नव्हती. उजव्या हाताच्या बोळानं गेली होती.

तो बोळ आम्ही कधी घेतला नाही. तिकडे चढ-उतार फार आहे. मी तिथं थोडा वेळ उभा राहून ऐकलं. आपटल्याचा, पडल्याचा कसलाच आवाज आला नाही. म्हणजे ब्रेक धरतो.